लिफ्ट केलेली गाडी नाचते, वाजते, ओढते? शॉकअप बदलायच्या आधी या क्रमाने तपासा

दर पावसाळ्यानंतर मला एकच फोन येतो, फक्त माणूस वेगळा असतो. "दादा, जिम्नीला दोन इंच लिफ्ट केली, बायपासवर सत्तरच्या पुढे स्टीअरिंग नाचतंय, शॉकअप कोणते घेऊ?" लिफ्ट म्हणजे स्प्रिंग वगैरे बदलून गाडी उंच करणं, आणि शॉकअप म्हणजे स्प्रिंगची उसळी थोपवणारं नळकांडं. शॉकअपच का, तर उस्ताद, म्हणजे मेकॅनिक, म्हणाला म्हणून. मग नवे शॉकअप येतात, पाठोपाठ जाडजूड स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे झटके शोषणारं नळकांडं) येतो, आणि स्टीअरिंग नाचायचं ते नाचतंच. मी पण हेच केलंय, त्यामुळे कोणाला हसत नाहीये. माझ्या गाडीत शेवटी निघालं काय, तर पुढच्या पॅनहार्ड रॉडचा (एक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारा दांडा) एक बोल्ट, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) लावल्यावर पाव चक्कर फिरला. ज्या गॅरेजमध्ये लिफ्ट बसवली होती तिथे तो हवेत लटकत्या गाडीवर अंदाजाने आवळला होता. तोपर्यंत माझे दोन शॉकअप आणि एक डॅम्पर उगाच बदलून झाले होते.

तर क्रम असा आहे: आधी मोजायचं, मग टायर, मग बोल्ट, मग जॉइंट आणि बुश (सांध्यातले रबरी तुकडे), मग कोन, आणि शॉकअप सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली हे कधीच कळत नाही, आणि बिघडली तर मग विचारूच नका.

## तयारी

आधी तुमच्या गाडीखाली नक्की काय आहे ते बघा, कारण निम्मे लोक दुसऱ्याच गाडीचा इलाज आपल्या गाडीला करतात. जिम्नीला पुढेमागे दोन्हीकडे सलग एक्सल (डावं-उजवं चाक एकाच दांड्यावर) आणि कॉइल स्प्रिंग. जिप्सीला पुढेमागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. जुन्या थार सीआरडीईला, म्हणजे २०२० च्या आधीच्या, पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) आणि मागे पाटे. २०२० नंतरच्या थारला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक वेगळं, वर-खाली दोन आर्मवर) आणि कॉइल, मागे सलग एक्सल आणि कॉइल. पुढे सलग एक्सल असेल तर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन), पॅनहार्ड आणि किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो खुंट) हे तुमचे संशयित. पुढे डबल विशबोन असेल तर बॉल जॉइंट, वरचा आर्म आणि ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट.

सामान फार लागत नाही. टेप, टॉर्क रेंच, मोठी टॉमी (लोखंडी पहार), चांगली टॉर्च, दोन मजबूत घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), चाकाला लावायला लाकडी गुटके, टायरचं प्रेशर बघायचं स्वतःचं गेज (पंपावरच्या गेजवर मी तरी भरवसा ठेवत नाही), खडू, वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि नेलपॉलिश. नेलपॉलिश कशाला ते पुढे येईल, घरात आधी विचारून घ्या. शिवाय एक माणूस लागतो, जो स्टीअरिंगवर बसेल आणि मोबाइल बघणार नाही. माझ्याकडे भाचा आहे, पोहे-जिलेबीवर येतो.

जागा महत्त्वाची. आपल्या कॉलन्यांतल्या गल्ल्या गटाराकडे उतरत्या असतात, तिथे मोजमाप केलं की गाडी एका बाजूला झुकलेलीच दिसणार. बिल्डिंगचं बेसमेंट किंवा पंपाच्या हवेच्या मशीनजवळचं काँक्रीट बरं. शंका असेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, चारही चाकांपाशी पाण्याची पातळी बघा, पाच मिनिटांत जागा सपाट आहे की नाही ते कळतं.

सावधान: फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, कितीही "दोनच मिनिटं" असली तरी. आणि शेताच्या कडेला काळ्या मातीत जॅक लावायचाच नाही. वरून कडक दिसते आणि जॅक आत जातो, फळी ठेवली तरी तिरका होतो.

एक टेस्टचा रस्ता पण ठरवून टाका. मी इंदूरला राजेंद्र नगरहून निघतो, एबी रोडने राऊ, तिथून महूच्या दिशेला थोडं पुढे जाऊन परत. यात सर्व्हिस रोडचे स्पीडब्रेकर येतात, सरळ पट्टा येतो आणि एक खराब तुकडाही येतो. प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तेवढीच माणसं, तेवढीच हवा. एकदा एकटे जामगेटला जाऊन आलात आणि दुसऱ्यांदा चार जण आणि सामान घेऊन चोरलला, तर तुलना कशाशी करणार?

## १. तक्रार नीट लिहून काढा

"गाडीत मजा नाही राहिली" ही तक्रार नाही. कागदावर लिहा: किती स्पीडला होतं, ब्रेक मारल्यावर होतं की ॲक्सिलरेटर दाबल्यावर, वळताना की सरळ, आणि जाणवतं कुठे, हातात, सीटमध्ये की पायाखाली. एवढ्यावरूनच अर्धी वाट सापडते.

ठरावीक स्पीडला, समजा ८० ते ९५ मध्ये, बारीक थरथर येते आणि त्याच्या पुढे-मागे जाते: आधी चाकं आणि बॅलन्सिंग. खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला आणि अचानक स्टीअरिंग जोरजोरात डावी-उजवी मारायला लागलं, गाडी हळू केल्याशिवाय थांबेना: याला सगळे डेथ वॉबल म्हणतात, सलग एक्सलच्या गाड्यांचा आजार, इथे ढिला जॉइंट, बुश, बोल्ट किंवा कमी झालेला कॅस्टर शोधायचा. स्टीअरिंग वळवून सोडलं की आपसूक सरळ येत नाही आणि गाडी रस्त्यावर भटकते: कॅस्टर किंवा टो (वरून बघितल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते). हळू स्पीडला खडबडीत जागी "टक टक": स्टॅबिलायझरची (वळताना गाडी कलू न देणारा दांडा) लिंक, बुश, ढिला बोल्ट. स्पीडब्रेकर उतरून चाक खाली लटकतं त्या क्षणी "धाड": शॉकअप पूर्ण ताणला जातोय किंवा वरचा आर्म स्टॉपवर आपटतोय. ॲक्सिलरेटर दाबला की पायाखाली फरशी गुणगुणते आणि सोडला की आवाज बदलतो: प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून एक्सलला ताकद नेणारा दांडा) कोन किंवा क्रॉस (त्या दांड्याचा सांधा).

सावधान: चालत्या गाडीला डेथ वॉबल आला तर स्टीअरिंगशी कुस्ती खेळायची नाही आणि जोरात ब्रेकही नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरा, अंगठे आऱ्यांच्या बाहेर ठेवा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी आपली आपण हळू होऊ द्या, बाजूला घ्या. त्यानंतर कारण सापडेपर्यंत हायवेला जायचं नाही.

## २. टेप घेऊन चारही कोपरे मोजा

चाकाच्या हबचा मध्यबिंदू ते मडगार्डची खालची कड, सरळ उभ्या रेषेत. जमिनीपासून मोजू नका, कारण मग टायरची साइझ आणि हवा त्यात मिसळते. मोजायच्या आधी गाडी चार-सहा मीटर पुढे-मागे करा, चारही कोपऱ्यांवर दाबून हलवा, तेव्हा स्प्रिंग खरी बसते. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी खोटं बोलते.

चारही आकडे लिहा. पुढच्या डाव्या-उजव्यात चार-पाच मिलिमीटर फरक असेल तर डोकं खाजवत बसू नका. पंधरा-वीस मिलिमीटर असेल तर काहीतरी चुकलंय, आणि बरेचदा चूक अगदी साधी असते. काही किटमध्ये डाव्या-उजव्या स्प्रिंग वेगळ्या उंचीच्या असतात, त्या उलट बसलेल्या असतात. किंवा कॉइलचं शेवटचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेत न बसता वर चढून बसलेलं असतं. टॉर्च घेऊन ते टोक प्रत्यक्ष बघा, बोट फिरवा. रबरी पॅड लावायचा राहून गेला की मेटलवर मेटल वाजतं, तेही इथेच दिसेल.

आणि "दोन इंची किट" म्हणजे तुमच्या गाडीवर दोनच इंच चढेल असं काही नाही. लोखंडी बंपर, विंच, मागे टूलबॉक्स असेल तर कमी चढते, रिकामी असेल तर जास्त. नव्या थारसारख्या पुढच्या कॉइलओव्हरवर (शॉकअपभोवतीच बसलेली कॉइल) वरून स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) टाकला तर चाकाशी उंची स्पेसरच्या जाडीपेक्षा जास्त मिळते, कारण शॉकअप आर्मवर चाकाच्या आत, मध्येच कुठेतरी बसलेला असतो. "एक इंचाचा स्पेसर टाकलाय फक्त" म्हणणारा माणूस खरं म्हणजे त्याहून बराच वर गेलेला असतो आणि त्याला पत्ता नसतो.

## ३. टायर आणि चाकं

हे फुकटचं काम आहे म्हणून आधी. थंड टायरवर प्रेशर बघा, ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर स्टिकर असतं त्याच्याशी ताडून बघा, टायरची साइझ बदलली असेल तर टायरवाल्याशी बोलून आकडा ठरवा. तापमान साधारण साडेपाच अंश चढलं की एक पीएसआय वाढतो, म्हणजे मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीचं प्रेशर बघून हवा काढलीत तर सकाळी टायर बसलेले मिळतील. ट्रेलवर १८ वर आणलेली हवा परत भरायची राहून गेली आणि मग "गाडी भटकते" म्हणून अलाइनमेंटला रांग लावलेली माणसं मी बघितलीत.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. माळव्याची काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते, वाळते आणि दगड होते. बाहेरून गाडी धुऊन चकचकीत, आत मूठभर ढेकूळ एका जागी. बॅलन्सिंगचं वजन असतं ग्रॅममध्ये, आणि इथे पाव किलो माती फिरतेय. मागच्या सप्टेंबरात एका मित्राच्या गाडीचं चाक काढून आडवं ठेवलं, पाना आत घालून खरवडलं तर जिलेबीएवढे तुकडे पडत होते. धुतलं, परत लावलं, थरथर गायब, आणि तो तोवर कॅस्टरचे बुश मागवून बसला होता.

माती काढूनही थरथर राहिली तर पुढची चाकं मागे, मागची पुढे करा. थरथर हातातून सीटमध्ये गेली म्हणजे दोष चाकात आहे. तशीच हातात राहिली तर चाकं सोडा, पुढे चला.

तपासा: टायरची झीज हाताने बघा. तळवा आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा, एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं की टो बिघडलेला आहे. खोबणीगणिक खोलगट वाट्या पडल्या असतील तर काहीतरी ढिलं आहे किंवा शॉकअप खरंच गेलाय, तेवढं नोंदवून ठेवा.

## ४. बोल्ट, आणि ते कसे आवळायचे

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक बोल्टवर टॉर्क रेंच लावायचा. आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला किंवा किटसोबतच्या कागदावरचा. "जोर लावून टाईट केलाय" हा आकडा नाही. लिफ्ट बसवल्यावर १०० किलोमीटरनी एकदा आणि ५०० नंतर परत एकदा, कारण नवीन रंग, नवीन वॉशर, नवीन बुश दबतात आणि बोल्ट सैल पडतो. पाट्यांच्या गाडीत यू-बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारे) तर नक्कीच. यू-बोल्ट ढिला राहिला की सगळा भार सेंटर बोल्टवर येतो, सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल पाट्यावरून सरकतो, गाडी तिरकी चालायला लागते.

रेंच लावायच्या आधी नुसतं बघा. बोल्टच्या डोक्याभोवती तांबूस बारीक पूड दिसतेय? ब्रॅकेटवर रंग घासून चांदीसारखी चमकणारी चंद्रकोर दिसतेय? तिथे हालचाल होतेय, बोल्ट वरून घट्ट वाटला तरी. असा बोल्ट काढून भोक बघा. गोल असायला हवं, लांबट झालं असेल तर नुसतं आवळून काही होणार नाही, ब्रॅकेट दुरुस्त करावा लागेल. जाड वॉशर टाकून ढकलायचं म्हणाल तर महिन्याभरात परत तिथेच याल.

आता मुख्य गोष्ट. रबरी बुश हा बेअरिंगसारखा फिरत नाही. बाहेरची नळी आर्मला घट्ट, आतली नळी बोल्टने ब्रॅकेटला घट्ट, आणि मधलं रबर पिळतं, तेवढीच त्याची हालचाल. आता गाडी जॅकवर लटकत असताना बोल्ट आवळला तर त्या लटकत्या स्थितीत रबर सरळ बसतं. गाडी खाली उतरवली की रबर चोवीस तास पिळलेलंच राहतं. मग गाडी कडक लागते, एका बाजूला उंच दिसते, टकटक सुरू होते, आणि थोड्याच दिवसांत बुश फाटतो. लोक म्हणतात कंपनीचे बुश बेकार!

बरोबर पद्धत: सगळे बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे करा, दाबून हलवा, आणि मग पूर्ण वजन चाकांवर असताना टॉर्क द्या. खाली जागा कमी पडते, कोपर सोलतं, पण दुसरा उपाय नाही. ज्या गॅरेजमध्ये तुमची लिफ्ट बसवली तिथे गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर लटकवून सगळं आवळलं असेल तर घरी आल्यावर प्रत्येक बुशचा बोल्ट ढिला करून परत आवळा. अर्ध्या तासाचं काम आहे. किती गाड्यांचे "खराब शॉकअप" एवढ्यावर बरे झालेत ते मीच जाणतो. पॉलियुरेथेनचे बुश फिरतात, त्यांना हा नियम तितका लागू नाही, पण त्यांना त्यांचं ग्रीस लागतं, नाहीतर खाटेसारखे करकरतात.

सावधान: करकर थांबवायला जळकं इंजिन ऑइल किंवा डिझेल फवारायची आपल्याकडे जुनी सवय आहे. रबर फुगतं आणि मऊ पडतं. आवाज आठवडाभर बंद, बुश कायमचा बंद. रबराला सिलिकॉनचं ग्रीस.

आवळून झालं की बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय, रेंच न लावता कळतं. माझ्या गाडीखाली मरून आहे, चिखलात पण दिसतो. हिने तो रंग आता मला देऊनच टाकलाय.

## ५. जॉइंट आणि बुश: भाच्याला स्टीअरिंगवर बसवा

सगळे गाडी जॅकवर घेतात आणि चाक हलवून बघतात. तेही करायचंय, पण नंतर. आधी गाडी जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू म्हणजे पॉवर स्टीअरिंग काम करेल. आतल्याने स्टीअरिंग घड्याळातल्या दहा ते दोन एवढंच डावं-उजवं, जरा झटक्याने करत राहायचं. तुम्ही पुढून, बाजूने वाकून बघा, एकेक जॉइंटवर हात ठेवा.

पहिल्यांदा केलं तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, गाडी तर जागची हलतच नाहीये, काय बघतोय आपण?" तेच बघायचंय. स्टीअरिंग बॉक्सचा हात हलला की त्याच क्षणी पुढचा रॉड हलला पाहिजे, रॉड हलला की चाक. जिथे एक तुकडा हलतो आणि पुढचा किंचित थांबून हलतो, तिथे ढिलाई आहे. हाताला बारीक "टिक" लागते, कानाला येण्याच्या आधी. पॅनहार्ड रॉडच्या दोन्ही टोकांवर अंगठा अर्धा बुशवर अर्धा ब्रॅकेटवर ठेवून बघा. स्टीअरिंग बॉक्स चेसिसवर जिथे बसतो तिथेही बघा, ते बोल्ट कोणी बघत नाही. आणि हात कुठे ठेवताय ते स्टीअरिंगवाल्याला ओरडून सांगा, बोट मध्ये असताना रॉड फिरला तर खेळ संपला.

मग जॅक आणि घोड्या. चाक वर-खाली धरून, म्हणजे बारा आणि सहावर, हलवा. खेळ लागला तर भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. तीन आणि नऊवर धरून खेळ असेल तर टाय रॉड एंड. जिम्नी-जिप्सीत नकलच्या (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) सीलमधून ग्रीस-ऑइल ओघळलेलं दिसलं तर किंगपिनचे बेअरिंग उघडून बघायची वेळ झाली म्हणून समजा.

आर्मचे बुश टॉमीने हलवून बघा, पण गुंडागर्दी नको. चांगला बुशसुद्धा टॉमीच्या जोराने थोडा दबतो. रबर नळीपासून सुटलंय का, आरपार भेग आहे का, एवढंच बघायचं.

स्टीअरिंग डॅम्परबद्दल: तो रोगाचा आवाज बंद करतो. नवा डॅम्पर लावून वॉबल गेला तर खूश होऊ नका, ढिला जॉइंट तिथेच आहे आणि अजून झिजतोय. मी तर तपासताना डॅम्पर काढून ठेवतो आणि गाडी गल्लीतच हळू चालवतो, जे काही लपलेलं आहे ते बाहेर येतं.

## ६. कोन

इथपर्यंत सगळं घट्ट असेल आणि तरी त्रास असेल तर आता लिफ्टने बिघडवलेल्या कोनांकडे या. ढिल्या गाडीवर अलाइनमेंट करणं म्हणजे मोडक्या खुर्चीला पॉलिश.

कॅस्टर. जिम्नीत पुढचा एक्सल दोन लांब आर्मवर धरलेला असतो. गाडी वर गेली की आर्म खाली झुकतात आणि एक्सल स्वतःभोवती किंचित फिरतो, कॅस्टर कमी होतो. लक्षण एकच: वळणावरून स्टीअरिंग स्वतःहून परत येत नाही, हायवेला सतत सांभाळत बसावं लागतं. अलाइनमेंटवाल्याकडून छापील कागद मागा, त्यावर कॅस्टरचा आकडा हवा. बरेच जण फक्त टो करून "हो गया भिया" म्हणतात. कॅस्टर कंपनीच्या मर्यादेबाहेर असेल तर करेक्शनचे बुश किंवा बदललेले आर्म लागतात, दुसऱ्या कशाने तो येत नाही. आणि हे बुश बसवताना खुणेची दिशा बघा, उलटा बसला तर कॅस्टर अजून कमी होतो. असं होतं, नवीन बुश टाकूनही गाडी पहिल्यापेक्षा वाईट!

पॅनहार्ड. हा रॉड एका टोकाला चेसिसला, दुसऱ्या टोकाला एक्सलला. लिफ्ट केली की रॉड जास्त तिरका होतो आणि एक्सल चेसिसच्या टोकाच्या बाजूला ओढला जातो. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा, टायरच्या बाहेरच्या भिंतीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. डावीकडे २८ मिलिमीटर आणि उजवीकडे १२ असेल तर फरक १६, म्हणजे एक्सल त्याच्या निम्मा, ८ मिलिमीटर सरकलाय. एवढ्याने गाडी बिघडत नाही, पण पुढचा एक्सल एका बाजूला आणि मागचा दुसऱ्या बाजूला गेला असेल तर गाडी खेकड्यासारखी चालते. लांबी बदलता येणारा रॉड घ्या आणि त्याचा लॉक नट आवळायला विसरू नका.

स्टीअरिंगचा रॉड. ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा रॉड) आणि पॅनहार्ड समोरून बघितले तर साधारण समांतर दिसायला हवेत. एकाचा कोन बदलला आणि दुसऱ्याचा नाही, तर खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी स्वतःच वळते. कोणी फक्त पॅनहार्डचं ब्रॅकेट उंच करून देत असेल तर हे विचारा.

प्रोपेलर शाफ्ट. दोन साध्या क्रॉसच्या शाफ्टला दोन्ही टोकांचे कोन सारखे लागतात. मोबाइलमधल्या कोनमापकाने गिअरबॉक्सकडचा आणि डिफरन्शियलकडचा फ्लँज मोजा. फरक बराच असेल तर गुणगुण तिथून येतेय. पाट्यांच्या गाडीत पाचरीसारखी पट्टी टाकून तो सुधारता येतो. क्रॉस हाताने फिरवून बघा, अडखळला किंवा गंजाची पूड निघाली तर कोन बाजूला ठेवा, आधी क्रॉस बदला.

क्रम लक्षात ठेवा: उंची, मग पॅनहार्डने एक्सल मध्यावर, मग कॅस्टर, मग टो, आणि सगळ्यात शेवटी स्टीअरिंगचं चाक सरळ. लोक उलटं करतात. आधी स्टीअरिंग सरळ करून घेतात, मग पॅनहार्ड बदलतात, आणि स्टीअरिंग परत वाकडं, अलाइनमेंटचे पैसे परत.

## ७. पाटे आणि टॉर्शन बार

टॉर्शन बारचा बोल्ट आवळून पुढून गाडी उंच करणं हा सगळ्यात स्वस्त लिफ्ट आणि सगळ्यात गैरसमज असलेला. त्याने बार कडक होत नाही, फक्त आर्म आधीच खाली ढकललेला राहतो. म्हणजे चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, आणि स्पीडब्रेकर उतरताना वरचा आर्म स्टॉपवर "धप्प". गाडी सपाटीवर उभी असताना आर्म आणि त्या खालच्या हालचालीच्या स्टॉपमधली फट बघा. बोटही जात नसेल तर जास्त आवळलंय, उतरवा. ड्राइव्ह शाफ्टचे बूट पण बघा, कोन वाढला की घड्या एकमेकींवर घासून फाटतात. बोल्ट फिरवायच्या आधी त्या बाजूचं वजन जॅकवर घ्या, फेऱ्या मोजा, खडूने खूण करा, आणि नंतर टो करून घ्याच.

पाट्यांत: मुख्य पाटा तडकलाय का, पाट्यांमध्ये प्लास्टिकचे पॅड जागेवर आहेत का, शॅकल (पाट्याच्या टोकाची हलती कडी) दोन्हीकडे सारखी झुकलीय का. मागे लिफ्टचा ठोकळा असेल तर एकच आणि अखंड, ठोकळ्यावर ठोकळा नाही. पुढच्या एक्सलला ठोकळा कधीच नाही, ब्रेक मारल्यावर तो फिरायला बघतो.

## ८. चाक पूर्ण वर, पूर्ण खाली

लिफ्टनंतर शॉकअपची लांबी चुकली तर तोच हालचालीचा शेवट ठरतो, आणि ते त्याचं काम नाही. वर जाताना चाक बंप स्टॉपने (हालचालीच्या शेवटी लागणारा रबरी ठोकळा) थांबलं पाहिजे. शॉकअपच्या दांड्यावर प्लास्टिकची पट्टी हलकेच बांधा, खाली सरकवून ठेवा, आणि बंप स्टॉपवर कणकेचा छोटा गोळा चिकटवा. ठरलेल्या रस्त्यावर खराब तुकड्यातून चक्कर मारून या. पट्टी दांड्याच्या शेवटापर्यंत ढकलली गेलीय आणि गोळा शाबूत आहे? म्हणजे शॉकअप आतून आपटतोय आणि बंप स्टॉप नुसता शोभेचा आहे. बंप स्टॉप उंच करा. गोळा चपाती झालाय आणि पट्टीला जागा उरलीय, तर ठीक.

खालची बाजू: चेसिसखाली घोड्या, एक्सल जॅकवर, आणि हळूहळू पूर्ण खाली सोडा. ब्रेकचा पाइप ताणतोय का, एबीएसची वायर ताठ झालीय का, स्प्रिंग वाटीतून सुटतेय का, एकेक बघा. पाइपला या स्थितीतही थोडी सैलाई हवी, आणि स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून परत बघा. काही गाड्यांत मागे एक्सलला जोडलेल्या दांडीवर चालणारा ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच झाली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागचे ब्रेक कमी पडतात. तुमच्याकडे असेल तर त्याची दांडी नव्या उंचीला सेट करून घ्या.

टकटक अजून सापडली नसेल तर स्टॅबिलायझरच्या दोन्ही लिंक काढून, बांधून ठेवून, पार्किंगमध्ये हळू चक्कर मारा. आवाज गेला तर लिंक किंवा तिचे बुश. तशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

## ९. आता शॉकअप

बंपर दाबून "किती उड्या मारते" बघायची पद्धत लिफ्टच्या कडक स्प्रिंगवर फार काही सांगत नाही. वरवर ओलसर धूळ चिकटलेली चालते, थेंब ओघळत असतील तर गेला. ठरलेल्या रस्त्याचा खराब तुकडा करून आल्यावर लगेच चारही शॉकअपला आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन आणि मग हलकेच लावून बघा. तीन गरम आणि एक थंड, तर थंडवाला काम करत नाहीये. गॅसचा शॉकअप काढल्यावर दांडा स्वतःहून बाहेर येतो, त्यावरून चांगला-वाईट ठरवू नका. क्लिकवाले (खुंटी फिरवून कडक-मऊ करता येणारे) असतील तर दोन्ही बाजूंचे क्लिक मोजा, एकाला तीन आणि दुसऱ्याला सात निघालेलं मी बघितलंय. बदलायचे तर एका एक्सलचे दोन्ही.

## १०. रस्त्यावर न्यायच्या आधी

हेडलाइटची दिशा खाली करून घ्या, गाडीचं तोंड वर गेलं की समोरच्याच्या डोळ्यात जाते. भेरूघाटात रात्री हा त्रास सगळ्यांनी भोगलाय. कागदांचंही बघा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आरटीओ आणि विम्यावाल्याला आधी विचारलेलं बरं.

पहिली चक्कर ४० च्या आत, गल्लीत. मग ६०. मग ठरलेला रस्ता. परत आल्यावर गाडीखाली टॉर्च घेऊन नेलपॉलिशच्या रेघा बघा, आणि स्टेप दोनचे चारही आकडे परत मोजून जुन्यांच्या शेजारी लिहा. नव्या स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत थोड्या बसतात, तेव्हा उंची जरा कमी निघाली आणि दोन्हीकडे सारखीच असेल तर तसंच राहू द्या. एकच कोपरा बसला असेल तर त्या कोपऱ्यापासून, स्प्रिंगच्या टोकापासून, परत सुरू करा.